दहा किलोमीटर पन्नास मिनिटांच्या आत: स्थानिक शर्यतीत स्वतःची सर्वोत्तम वेळ कशी काढावी

माझ्या डायरीत दोन शर्यती समोरासमोरच्या पानांवर लिहिलेल्या आहेत. दोन्ही नाशिकच्या, दोन्ही हिवाळ्यातल्या, दोन्ही दहा किलोमीटरच्या. मधे एक वर्ष गेलेलं. पहिल्या शर्यतीच्या एकेका किलोमीटरची वेळ अशी: ४:४१, ४:४८, ४:५८, ५:०४, ५:०९, ५:१६, ५:२१, ५:२४, ५:१७, ४:५८. एकूण ५० मिनिटं ५६ सेकंद. दुसरीची: ५:०२, ४:५९, ४:५८, ४:५९, ४:५८, ४:५९, ५:००, ५:०१, ४:५७, ४:४६. एकूण ४९ मिनिटं ३९ सेकंद.

पहिल्या शर्यतीत पाच किलोमीटरला मी २४:४० वर होते. पन्नासच्या आत यायला तब्बल वीस सेकंद हाताशी होते. दुसरीत पाच किलोमीटरला २४:५६, म्हणजे जेमतेम चार सेकंद. तरीही दुसरी शर्यत ७७ सेकंदांनी लवकर संपली. त्या ७७ पैकी ६१ सेकंद एकट्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या किलोमीटरमधले आहेत. पहिल्या वर्षी या तीन किलोमीटरांना १६:०१ लागले, दुसऱ्या वर्षी बरोबर १५:००.

दहा किलोमीटरची वेळ या तीन किलोमीटरांत ठरते, असं माझं आता ठाम मत आहे. सुरुवातीला सगळेच ताजे असतात आणि शेवटच्या किलोमीटरला कमान दिसली की सगळ्यांनाच जोर येतो. मधे गर्दी विरळ होते, टाळ्या वाजवणारं कुणी नसतं, संपायला अजून वीस मिनिटं असतात आणि पाय जड व्हायला लागतात. सेकंद तिथे गळतात. खाली जे काही सांगते आहे, सराव असो की जेवण की शर्यतीच्या सकाळचं वेळापत्रक, ते सगळं या तीन किलोमीटरांसाठी आहे.

किमान वर्षभर नियमित धावणाऱ्या, आठवड्याला २५ ते ३० किलोमीटर सहज होणाऱ्या आणि एकदोन वेळा दहा किलोमीटरची शर्यत पूर्ण केलेल्या माणसासाठी हा लेख आहे. नुकतीच सुरुवात केली असेल तर आधी सहा महिने नुसतं आरामात धावा. त्यानं जेवढी वेळ सुधारेल, तेवढी कुठल्याही खास सरावानं सुधारणार नाही. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखरेचा त्रास असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल, तर वेगाचा सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून या.

लक्ष्य किती ठेवायचं

‘पन्नासच्या आत’ हा आकडा मी हवेतून घेतला नव्हता. शर्यतीच्या आठ-नऊ आठवडे आधी एका रविवारी सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर जीव तोडून धावा. पूर्ण वॉर्मअप करून, शक्यतो बरोबर कुणीतरी घेऊन. त्या वेळेला २.०८५ ने गुणा. पीट रीगेल या अमेरिकन अभियंत्यानं मांडलेल्या सूत्रातून हा गुणक येतो. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा किती वाढते, ते यातून कळतं. २४ मिनिटांत पाच किलोमीटर होत असतील तर दहाला साधारण ५०:०२ येतात. २५:३० लागत असतील तर ५३:१०.

मी त्या चाचणीत २४:२२ धावले होते. म्हणजे त्या दिवशी मी ५०:४८ ची धावपटू होते. आठ आठवड्यांत मिनिटभर कमी करणं शक्य वाटलं, म्हणून पन्नास. चाचणी ५४ मिनिटं सांगत असताना पन्नास ठरवलं असतं, तर सरावाचा प्रत्येक दिवस अंगावर आला असता. दोन टक्क्यांची सुधारणा एका हंगामाला भरपूर आहे.

लक्ष्य ठरलं की चार वेग ठरतात. पन्नास मिनिटांच्या उदाहरणात शर्यतीचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:००. टेम्पोचा पेस त्याहून ८ ते १२ सेकंद मंद, म्हणजे ५:०८ ते ५:१२. इंटरव्हलचा (मधे हळू धावून दम घेत मारलेल्या जलद फेऱ्यांचा) १२ ते १५ सेकंद जलद, म्हणजे ४:४५ ते ४:४८. इझी रनचा (आरामशीर धावेचा) ७० ते १०० सेकंद मंद, म्हणजे ६:१० ते ६:४०. तुमचं लक्ष्य ४५ किंवा ५५ मिनिटं असेल तर हेच फरक लावा. साठच्या आसपास धावणाऱ्यांचा टेम्पो आणि शर्यतीचा पेस मात्र जवळजवळ एकच येतो, कारण टेम्पो म्हणजे मुळात तासभर टिकेल एवढा वेग.

शर्यत निवडताना

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वेळ काढायचा हंगाम. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो. उभं राहायला बोचरी थंडी, पण धावायला याहून चांगली हवा नाही. मुंबईत किंवा कोकणपट्टीत त्याच महिन्यात दमटपणामुळे घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि त्याच मेहनतीला जास्त सेकंद लागतात. तिकडच्या धावपटूंनी सर्वोत्तम वेळेसाठी घाटावरची एखादी शर्यत जरूर धरावी.

नाव नोंदवण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. पहिली, अंतर कसं मोजलंय? नीट मोजलेल्या मार्गाची मोजणी सायकलच्या पुढच्या चाकाला बसवलेल्या, चाकाचे फेरे मोजणाऱ्या जोन्स काउंटरनं होते. वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून, सर्वांत जवळच्या रेषेनं. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग वाढवतात, म्हणजे दहा किलोमीटरला दहा मीटर. मोटारीच्या मीटरवर मोजलेल्या शर्यती अजूनही होतात. अशाच एका शर्यतीत माझ्या घड्याळात ९.६ किलोमीटर भरले आणि गळ्यात पदक घालून, ‘आयुष्यातली सर्वोत्तम वेळ’ म्हणून फोटो काढणारे कितीतरी जण दिसले. मला मनापासून वाईट वाटलं. त्यांनी मेहनत पूर्ण दहा किलोमीटरची केली होती.

दुसरी गोष्ट, बिबला (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाला) चिप आहे का? चिप असेल तर तुम्ही सुरुवातीची, चिप वाचणारी चटई ओलांडल्यापासूनची नेट टाइम मिळते आणि पुढे घुसण्यासाठी धक्काबुक्की करावी लागत नाही. तिसरी, यू-टर्न किती? बॅरिकेडला वळसा घालून परत फिरताना वेग मोडतो आणि पुन्हा पकडावा लागतो. त्यात दरवेळी दोन-तीन सेकंद सहज जातात. एक यू-टर्न ठीक. चार असतील तर ती शर्यत मजेसाठी धावा.

आता घड्याळाबद्दल, कारण यात फार जण फसतात. अचूक मोजलेल्या मार्गावरही जीपीएस घड्याळ बहुधा १०.१० ते १०.१५ दाखवतं. आपण सर्वांत जवळच्या रेषेनं धावत नाही, आणि उपग्रहाचीही थोडी चूक असते. ४९:५९ ला १०.१२ नं भागलं तर किलोमीटरला ४:५६ येतात. म्हणजे घड्याळात शेवटपर्यंत ५:०० दिसत राहिलं तर तुम्ही पन्नासच्या आत येत नाही, साडेपन्नासच्या पुढे जाता. घड्याळाचा ऑटो लॅप (दर किलोमीटरची वेळ आपोआप नोंदवणं) बंद करा आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या फलकापाशी स्वतः बटण दाबा.

आणखी एक. आदल्या आठवड्यात मार्गावर एकदा सायकल किंवा दुचाकी फिरवा. गतिरोधक कुठे आहेत, उड्डाणपूल कुठे चढतो, सहा ते आठ किलोमीटरचा पट्टा नेमका कुठून कुठे जातो, हे डोळ्यांत बसवून घ्या. मला माझ्या दुसऱ्या शर्यतीतला सातवा किलोमीटर एका रसवंतीपासून एका शाळेच्या फाटकापर्यंत, असा पाठ होता.

आठ आठवडे

आठवड्याचा सांगाडा साधा ठेवला. सोमवार विश्रांती, मंगळवार इंटरव्हल, बुधवार इझी, गुरुवार टेम्पो, शुक्रवार फक्त ताकदीचे व्यायाम, शनिवार छोटी इझी रन आणि शेवटी स्ट्राइड्स (छोट्या मोकळ्या धावा), रविवार लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव. सुरुवातीला आठवड्याचं अंतर ३४ किलोमीटर, पाचव्या-सहाव्या आठवड्यात ४० ते ४२.

पहिले दोन आठवडे मंगळवारी ८०० मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक ३:४८ ते ३:५२ मध्ये, मधे दोन मिनिटं अगदी हळू धाव. गुरुवारी आठ मिनिटांचे तीन टेम्पो, मधे दोन मिनिटं. रविवारी दहा-अकरा किलोमीटर. या पंधरवड्यात पहिल्या चार फेऱ्या झाल्यावर ‘अजून जोरात जाऊ शकते’ असं वाटतं. जाऊ नका. सहावी फेरी पहिलीइतक्याच वेळात आली तर सराव जमला. पहिली ३:३५ आणि सहावी ४:०५ आली, तर तुम्ही शर्यतीत कोसळण्याचाच सराव केलात.

तिसऱ्या आठवड्यात १००० मीटरच्या पाच फेऱ्या, ४:४५ ते ४:४८ च्या वेगानं, मधे अडीच मिनिटं. टेम्पो आता सलग २० मिनिटं. चौथा आठवडा मुद्दाम हलका: एकूण ३० किलोमीटर, एकच कठीण दिवस. मेहनत शरीरात मुरते ती अशा आठवड्यांत. उत्साहाच्या भरात हा आठवडा गाळणारे माझ्या ओळखीचे तिघे पोटरीचं दुखणं घेऊन बसले.

पाचव्यात पुन्हा हजारच्या पाच फेऱ्या, टेम्पो २५ मिनिटं, रविवारी १३ किलोमीटर. सहाव्या आठवड्यात मंगळवारचं रूप बदलतं: दोन किलोमीटरच्या तीन फेऱ्या, शर्यतीच्याच पेसनं, प्रत्येक दहा मिनिटांत, मधे फक्त दोन मिनिटं. आकडे ऐकून सोपं वाटतं, पण तिसऱ्या फेरीचा दुसरा किलोमीटर धावताना जे वाटतं, अगदी तेच शर्यतीच्या सातव्या किलोमीटरला वाटतं. पायांपेक्षा मन आधी ‘पुरे’ म्हणतं, श्वास दोन पावलांना एक असा होतो, खांदे कानांकडे चढतात. तिथे काय करायचं याचा सराव मी केला: हात एकदा खाली सोडून झटकायचे, जबडा सैल करायचा आणि पुढची शंभर पावलं मोजायची. शंभर झाली की पुन्हा एकपासून.

सातव्या आठवड्यातला मंगळवार सगळ्यात मोठा: चार किलोमीटर ५:१० नं, तीन मिनिटं हळू, दोन किलोमीटर ५:०० नं, दोन मिनिटं हळू, मग एक किलोमीटर ४:५० नं. दमलेल्या पायांना वेग वाढवायला शिकवणारा सराव आहे हा. तो जमला त्या दिवशी घरी आल्यावर मी डायरीत फक्त ‘होईल’ एवढंच लिहिलं होतं. आठवा आठवडा शर्यतीचा, त्याबद्दल पुढे.

टेम्पोवर माझा सगळ्यात जास्त भर आहे, त्याचं कारण सांगते. वेग वाढला की स्नायूंत आम्लता वाढते. एका ठरावीक वेगापर्यंत शरीर ती जमेल तशी निपटत राहतं, त्या पलीकडे ती साठत जाते आणि पाय जड होतात. टेम्पोनं ही मर्यादा हळूहळू वर सरकते. दहा किलोमीटर आपण या मर्यादेच्या जरा वर धावतो, म्हणून ती जितकी वर, तितकं सहा ते आठचं ओझं कमी. इंटरव्हल मैदानावर रुबाबदार दिसतात, टेम्पो कंटाळवाणा असतो. वेळ मात्र टेम्पोच काढून देतो.

टेम्पोसाठी गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे धरणाच्या दिशेनं जाणारा रस्ता मला आवडतो, पण पहाटे उजेड पडल्यावरच, परावर्तक पट्टा लावून आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं. इझी रनला गोल्फ क्लब मैदानाचा जॉगिंग ट्रॅक पायांना मऊ पडतो. इझी रन खरोखर इझी असावी. सोबतच्या मैत्रिणीशी सुनेचं बाळंतपण ते भाजीचे भाव असं सगळं सलग बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे.

शनिवारच्या स्ट्राइड्स म्हणजे वीस सेकंदांच्या सहा छान मोकळ्या धावा, मधे मिनिटभर चाल. जीव तोडायचा नाही, फक्त लांब आणि हलकी पावलं. दोन आठवड्यांतून एकदा त्या चढावर करा. नाशिकला चढ शोधावा लागत नाही.

ताकद, रक्त आणि ताट

शुक्रवारी आणि जमल्यास मंगळवारी संध्याकाळी वीस मिनिटं: जिन्याच्या पायरीवर एका पायावर टाच वर-खाली, प्रत्येकी पंधरा, तीन वेळा, गुडघा किंचित वाकवून तेवढंच पुन्हा, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं). याला जिम लागत नाही. पोटरीचे स्नायू शेवटच्या तीन किलोमीटरांत पहिल्यांदा हार मानतात, म्हणून पायरीचा व्यायाम चुकवू नका.

विशेषतः बायकांसाठी सांगते: सराव नीट चालू असूनही तीन-चार आठवडे वेळ सुधारत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर स्वतःला आळशी ठरवण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. मला दोन वर्षांपूर्वी लोहाची कमतरता निघाली होती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तीन महिने घेतल्यावर तोच टेम्पो वेगळाच वाटू लागला. पाळीच्या दिवसांत कुणाला काहीच फरक जाणवत नाही, कुणाला एकेक पाऊल जड जातं. डायरीत दोन-तीन महिने नोंद ठेवली की स्वतःचा नमुना कळतो आणि कठीण दिवस पुढे-मागे करता येतो.

हंगाम सणांच्या आणि लग्नांच्या मधोमध येतो, हे गृहीत धरूनच आखणी करा. दिवाळीच्या आठवड्यात फराळ करणारीही मीच आणि पहाटे धावणारीही मीच. तो आठवडा मी हलका आठवडा म्हणून बसवला. तुळशीच्या लग्नानंतर रात्रीची बोलावणी सुरू होतात. लग्नाला जा, पण रविवारच्या लाँग रनच्या आदल्या रात्री अकराला पंगतीत बसू नका. आणि संक्रांतीच्या पंधरा दिवस मागे-पुढे धावताना मांजाकडे लक्ष असू द्या. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो रस्त्यावर आडवा सापडतो, आणि वेगात असताना तो दिसत नाही. त्या दिवसांत मी गळ्याभोवती बफ (कापडी पट्टा) घालूनच धावते.

शेवटचा आठवडा

अंतर निम्म्यावर आणा, वेग तसाच ठेवा. मंगळवारी एक किलोमीटरच्या तीन फेऱ्या शर्यतीच्या पेसनं. गुरुवारी अर्धा तास हळू. शुक्रवार पूर्ण विश्रांती. शनिवारी तीन किलोमीटर आणि चार स्ट्राइड्स. या आठवड्यात पाय उगाच दुखल्यासारखे वाटतात, गुडघ्यात काहीतरी टोचल्याचा भास होतो. बहुतेकांना होतं असं. राहिलेला सराव या आठवड्यात भरून काढता येत नाही.

बिब आणायला गेलात तर घेऊन लगेच परत या. तिथल्या स्टॉलांवर दोन तास उभं राहणं पायांना नको. नवे बूट तर मुळीच नकोत. कार्बन प्लेटचे (तळव्यात कार्बनची पट्टी असलेले) बूट असतील तर किमान दोन वेगाच्या सरावांत वापरलेले असावेत. मोजेही धुऊन मऊ झालेले घाला. आदल्या रात्री साडेसातला वरण-भात, थोडं तूप, एखादी सौम्य भाजी. मिसळीवर ताव मारायचा असेल तर शर्यत झाल्यावर. नाशिकला त्याची वाण नाही. पन्नास मिनिटांच्या धावेला स्नायूंतला साठा पुरून उरतो, त्यामुळे भाताचे डोंगरही नकोत आणि शर्यतीत जेलही (धावताना खायचं साखरेचं घट्ट द्रावण) नको.

शर्यतीची सकाळ

सुरुवात साडेसहाची असेल तर मी चारला उठते. नेहमीचा चहा, एक केळं, ब्रेडला जॅम किंवा एक राजगिऱ्याचा लाडू. जे सरावाच्या दिवशी खाल्लं नाही ते आज नाही. पोट साफ व्हायला वेळ द्या. घरून निघतानाच ते काम उरकलेलं बरं, कारण मैदानावरच्या तात्पुरत्या शौचालयांपुढची रांग वॉर्मअप खाऊन टाकते. वेदनाशामक गोळी ‘आधीच घेऊन ठेवू’ असं करू नका. घामानं पाणी कमी झालेलं असताना तिचा भार मूत्रपिंडांवर पडतो, आणि जे दुखणं तुम्हाला थांबवायला हवं तेही कळत नाही.

पावणेसहाला मैदानात. सहाला दहा-बारा मिनिटं हळू धाव, मग पाय झुलवणं, गुडघे उचलणं, आणि शेवटी चार स्ट्राइड्स. मंचावरच्या झुंबानं वॉर्मअप होत नाही. त्यात उड्या मारून पोटऱ्या मात्र दमतात. पाहुण्यांची भाषणं लांबली आणि झेंडा दाखवायला उशीर झाला तर जागेवर थांबून थंड पडू नका. अंगावर जुना टी-शर्ट ठेवा, जागच्या जागी हळू पळत राहा, गर्दीतून बाहेर पडता आलं तर दर पाच मिनिटांनी एक स्ट्राइड मारा.

उभं कुठे राहायचं? अगदी पुढे नाही. पुढे शाळा-कॉलेजची मुलं असतात, ती पहिले तीनशे मीटर बाणासारखी सुटतात आणि आपण नकळत त्यांच्यामागे जातो. मागे राहिलात तर सेल्फी काढणाऱ्यांतून वाट काढावी लागते. तुमच्याच वेळेची माणसं शोधा, किंवा ५० मिनिटांचा पेसर (त्या वेळेत येण्यासाठी ठरल्या वेगानं धावणारा वाटाड्या) असेल तर त्याच्या दहा पावलं मागे उभ्या राहा.

मनगटावर पेननं तीन आकडे लिहा: २ किमी १०:००, ५ किमी २५:००, ८ किमी ४०:००. धावताना गणित जमत नाही.

एक ते दहा

पहिले दोन. आमच्या ग्रुपमध्ये बासष्ट वर्षांचे एक काका आहेत, पेसच्या बाबतीत घड्याळाहून पक्के. दुसऱ्या शर्यतीच्या आधी ते मला म्हणाले, “ताई, पहिल्या दोन किलोमीटरांत मला ओलांडायचं नाही. तिसऱ्यात बघू.” मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे राहिले. पहिल्या किलोमीटरला ५:०२ बघून पोटात गोळा आला, कारण आदल्या वर्षी तिथे ४:४१ होते. ताज्या पायांना योग्य वेग नेहमीच फार हळू वाटतो. मन मोठं करून तो तसाच राहू द्या.

तीन ते पाच. आता लय. फलकागणिक एकदा घड्याळ, मधे नाही. वळण दिसलं की रस्त्याच्या मधोमध न राहता आतल्या कडेच्या दिशेनं तिरपी रेषा धरा. फलकांच्या मधे दहा-दहा मीटर असेच वाचतात. चढ आला तर वेग नव्हे, श्वास कायम ठेवा, म्हणजे पाच-सात सेकंद जाऊ द्या आणि उतारावर पावलं मोकळी सोडा. पाणी थंडीत एखादा घोट पुरे: पेला वरून चिमटीत दाबा, चोच होते आणि धावता धावता पिता येतं. टेबलाच्या सुरुवातीला गर्दी असते, शेवटच्या मुलाच्या हातातून घ्या.

सहा, सात, आठ. पाचला घड्याळ २५ च्या आसपास असेल तर सगळं ठीक आहे. आता फक्त एकच काम: पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवायची आणि अंतर वाढू द्यायचं नाही. तो मागे पडला की पुढचा. इथे ‘तोच वेग’ ठेवायला दर किलोमीटरला थोडी जास्त मेहनत लागते. मेहनत तीच ठेवली तर वेग घसरतो, आणि घसरलेला कळतही नाही. म्हणून सहाव्याच्या फलकापाशी मी स्वतःला हळूच सांगते, ‘आता थोडं ढकल.’ हात खाली, जबडा सैल, शंभर पावलं. दुसऱ्या शर्यतीत रसवंतीपासून शाळेच्या फाटकापर्यंत मी अशी शतकांमागून शतकं मोजली. काका मागे राहिल्याचं मला तिथे कळलं, कारण त्यांच्या बुटांचा आवाज थांबला होता.

छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, हातात मुंग्या, यांतलं काहीही झालं तर त्या क्षणी थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा. दमणं वेगळं आणि हे वेगळं.

नऊ. इथून घड्याळ बघणं बंद. ८ किमीला ४०:०० ते ४०:०५ असेल तर वेळ तुमच्या हातात आहे. दर दोनशे मीटरला किंचित वेग वाढवा.

दहा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीडच्या अविनाश साबळेनं तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) ८:११.२० अशी वेळ दिली आणि सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. शेवटच्या फेरीत तो कसा भिडला होता ते ज्यांनी पाहिलंय त्यांना शेवटच्या चारशे मीटरबद्दल वेगळं सांगायला नको. पावलं लांब करू नका, लवकर लवकर टाका, हात जोरात मागे न्या. कमानीखाली थांबू नका. चटई कमानीच्या पुढेही असते, तिच्यापलीकडे जाऊन मग घड्याळ बंद करा. घड्याळाचं बटण दाबायला मान खाली घालून शेवटची दोन सेकंदं घालवणारे मी दर शर्यतीत बघते.

त्याच दुपारी

दहा मिनिटं चालत-पळत अंग थंड करा, कोरडे कपडे घाला, अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटभर खा. पुढचे चार-पाच दिवस फक्त इझी, आणि पुढचा कठीण सराव आठवडाभरानंतर.

झोपायच्या आधी डायरीत दहाही किलोमीटरच्या वेळा लिहून काढा. शेजारी हवामान, काय खाल्लं, कुठे उभी राहिले, कुठे मन डळमळलं. वेळ आली नसेल तर सहा, सात, आठ यांची बेरीज करा आणि तिच्यातून पहिल्या तीनची बेरीज वजा करा. माझी पहिल्या वर्षी पहिल्या तीनची बेरीज १४:२७ आणि या तीनची १६:०१ होती. दीड मिनिटाचा फरक. वीस सेकंदांच्या आतला फरक असेल तर तुमचं धावणं बरोबर होतं, लक्ष्य थोडं मोठं होतं. पुढच्या वेळी टेम्पो वाढवा. मिनिटभर किंवा जास्त असेल तर अंगात ताकद आहे, पहिले दोन किलोमीटर बदला आणि महिन्याभरानं, त्याच हंगामात, दुसरी शर्यत धरा.